सातव्या आठवड्यातल्या नऊ चिठ्ठ्या : सत्राच्या मध्यावर घेतलेल्या अभिप्रायाचं एक प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावच्या अनुदानित महाविद्यालयातलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत. मी तिथे भौतिकशास्त्र शिकवतो. ज्यांच्या वर्गात हे घडलं त्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. इथे त्यांना नुसतं 'मॅडम' म्हणतो. हा मजकूर त्यांनी आधी वाचला आहे आणि दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं आहे.

पार्श्वभूमी

विषय एस. वाय. बी. एस्सी.च्या भौतिक रसायनशास्त्राचा, दोन क्रेडिटचा, म्हणजे तीस तासांचा. त्यातला मोठा भाग उष्मागतिकीचा, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सचा: पहिला नियम, कार्नो चक्र, एन्ट्रॉपी. पटावर ६२ मुलं-मुली, वर्गात प्रत्यक्ष ४०-४५. निम्म्याहून जास्त जण आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीतून, ही वाट बहुतेकांनी तुडवलेली.

मॅडम चौदा वर्षं शिकवतायत. तयारीशिवाय त्या वर्गावर गेल्याचं मी कधी पाहिलं नाही. हे आधीच सांगतो, कारण मध्येच अभिप्राय घ्यायचा म्हटलं की पहिला संशय येतो तो शिकवण्यात काहीतरी खोट असणार असा. इथे तसं नव्हतं.

कॉलेजात अभिप्रायाची पद्धत होतीच. सत्र संपताना वीस प्रश्नांचा गूगल फॉर्म, प्रत्येकाला एक ते पाच गुण. नॅक या महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यमापनात विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेतला का आणि त्यावर काय कृती केली, हे दोन्ही विचारतात. त्यामुळे फॉर्म भरून घेतले जातात, आलेख निघतात, फाइल तयार होते. मॅडमची सरासरी दरवर्षी ४.३ च्या आगेमागे. पण फॉर्म भरणारी मुलं तोवर पुढच्या सत्राला लागलेली असतात. त्यांनी काही सुचवलं तर त्याचा उपयोग मागून येणाऱ्यांना; त्यांच्या स्वतःच्या पदरात काही पडत नाही. मुलांना हे बरोबर कळतं, म्हणून ती सगळीकडे चार टिचकवून मोकळी होतात.

अडचण

पाचव्या आठवड्यात इंटर्नल झाली. त्यात एक सोपं उदाहरण होतं. वायूने २५० ज्यूल उष्णता शोषली आणि प्रसरण पावताना १०० ज्यूल कार्य केलं, तर अंतर्गत ऊर्जेत किती बदल झाला? उत्तर १५०. मॅडम स्टाफरूममध्ये पेपर तपासत होत्या आणि एकामागून एक पेपरात ३५० येत होतं. नंतर मोजले तेव्हा ५८ पैकी २३ पेपर तसे निघाले. "सर, हे मी तीनदा शिकवलंय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

वर्गात "समजलं का?" विचारलं की पुढच्या दोन बाकांवरून "हो मॅडम" यायचं. मागून कुणी शंका विचारत नव्हतं. दुपारच्या तासाची हजेरी तिशीवर आली होती. पंधरा आठवड्यांच्या सत्रातले नऊ आठवडे अजून शिल्लक होते. काही करायचं तर तेव्हाच करायला हवं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पुन्हा एक चाचणी घेण्याचा. चाचणीने कोण चुकलं ते कळतं, का चुकलं ते कळत नाही. आणि कोण चुकलं ते तर ३५० ने आधीच सांगितलं होतं.

दुसरा, वर्गप्रतिनिधीला विचारायचं. वर्गाचा सीआर हुशार आणि सरळ मुलगा, पण तो पहिल्या बाकावरचा. मागच्या बाकांवर काय चाललंय, बसने येणाऱ्या मुलींना काय वाटतं, हे त्यालाच माहीत नव्हतं.

तिसरा, कॉलेजचा फॉर्मच सत्राच्या मध्यावर पाठवायचा. इथे आम्ही बराच वेळ घासाघीस केली. फॉर्म सोपा आणि लगेच आकडे देणारा. पण तो कॉलेजच्या ईमेलने लॉग-इन करून भरावा लागतो. 'नाव दिसणार नाही' असं वर लिहिलं तरी इंटर्नलचे मार्क ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याविषयी कोण मोकळेपणाने लिहील? शिवाय 'शिक्षकांची विषयावरील पकड : ४' हे वाचून मॅडमनी दुसऱ्या दिवशी नेमकं काय बदलायचं?

चौथा पर्याय मी सुचवला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ क्लार्क यांनी एक पद्धत बसवली. सत्राच्या मध्यावर दुसऱ्याच विभागातला सहकारी वर्गात जातो, शिक्षक बाहेर थांबतात, मुलं चार-पाच जणांच्या गटांत बोलून एकमताचे मुद्दे लिहितात, आणि मग तो सहकारी शिक्षकांशी निवांत बोलतो. याच सुमारास, १९८० साली, पीटर कोहेन यांनी मध्य-सत्र अभिप्रायावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. नुसते गुण शिक्षकांच्या हाती दिले तर सुधारणा थोडी होते. कुणीतरी सोबत बसून त्यांचा अर्थ लावला तर बरीच जास्त होते, असं त्यातून दिसलं. कागद गोळा करणं हे त्यातलं सोपं काम, बसून बोलणं हे खरं काम, हे मला पटलेलं होतं.

मॅडमना दोन शंका होत्या. एक, "तुम्ही आत गेलात म्हणजे माझी तक्रार झालीय असं मुलांना वाटेल." म्हणून आदल्या तासाला वर्गाला त्यांनीच सांगायचं ठरलं: मी सरांना बोलावलंय, मला माझ्या शिकवण्यात दुरुस्ती करायची आहे. दुसरी शंका प्राचार्यांपर्यंत काय जाईल याची. चिठ्ठ्या आमच्या दोघांतच राहतील, असा शब्द मी दिला. तो पुढे कामाला आला.

वर्गात काय झालं

सातवा आठवडा, गणपतीच्या सुट्टीच्या आधीचा मंगळवार, तासाची शेवटची पंचवीस मिनिटं. हजर ४४. नऊ गट केले आणि प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. फळ्यावर तीन प्रश्न लिहिले:

या विषयात शिकायला तुम्हाला कशाची मदत होते?
कुठे अडायला होतं?
उरलेल्या आठवड्यांत मॅडमनी काय बदलावं आणि तुम्ही काय बदलाल?

'मॅडम कशा शिकवतात' हा प्रश्न मुद्दाम ठेवला नाही. माणसाविषयी विचारलं की मुलं एक तर कौतुक करतात नाहीतर गप्प बसतात. अडल्याविषयी विचारलं की बोलतात.

पहिली दोन मिनिटं नुसती शांतता. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मराठीत लिहिलं तर चालेल?" चालेल म्हटल्याबरोबर वर्गात कुजबुज सुरू झाली आणि पेनं चालू लागली. ही सूचना मी सुरुवातीलाच द्यायला हवी होती.

अक्षराचाही प्रश्न होता. मॅडम या मुलांची जर्नलं तपासतात, कुणाचं अक्षर कुठलं हे त्यांना डोळे मिटून सांगता येईल. म्हणून चिठ्ठ्या मी घरी नेल्या, शब्दही न बदलता एका कागदावर उतरवल्या आणि मूळ चिठ्ठ्या फाडून टाकल्या. हे करणार असल्याचं वर्गाला आधीच सांगितलं होतं.

चिठ्ठ्या वाचताना

सहा गटांनी लिहिलं होतं, 'फास्ट होतं'. चार गटांना सोडवलेली उदाहरणं जास्त हवी होती. दोन गटांना झेरॉक्स नोट्स हव्या होत्या. एका गटाने 'नोट्स नकोत, उदाहरणं द्या' असं ठासून लिहिलं होतं. मागच्या बाकावरच्या एका गटाचं म्हणणं, फळ्याचा खालचा भाग पुढच्यांच्या डोक्याआड जातो, आणि आम्ही वरचं उतरवेपर्यंत मॅडम ते पुसतात. मदत कशाची होते, या प्रश्नाला जवळपास सगळ्यांनी मॅडमचं फळ्यावरचं सुबक अक्षर आणि प्रॅक्टिकलला त्या वेळ देतात ही गोष्ट लिहिली होती.

एका चिठ्ठीत एवढंच होतं: 'शंका विचारली की मॅडम म्हणतात, हे बारावीत झालंय.'

आणि तीन चिठ्ठ्यांत चिन्हाचा उल्लेख होता. एका गटाने लिहिलं होतं, 'कार्याचं मायनस कधी येतं ते कळत नाही. फिजिक्सला वेगळं आहे.'

ते शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. फिजिक्स म्हणजे मी.

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पहिला नियम असा येतो: अंतर्गत ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता वजा कार्य. तिथे वायूने केलेलं कार्य धन धरतात. ही इंजिन बनवणाऱ्यांची जुनी नजर, यंत्रातून काम किती मिळतं ते पाहणारी. बारावीच्याच रसायनशास्त्राच्या पुस्तकात तोच नियम उष्णता अधिक कार्य असा येतो, आणि वायूने कार्य केलं तर ते ऋण. तिथे प्रणालीत, म्हणजे इथे वायूत, येणारी प्रत्येक ऊर्जा धन, जाणारी ऋण. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. आमच्या उदाहरणात एका पद्धतीने २५० वजा १००, दुसऱ्या पद्धतीने २५० अधिक उणे १००. उत्तर १५०च. पण सूत्र एकाचं आणि चिन्ह दुसऱ्याचं घेतलं की २५० वजा उणे १००, म्हणजे ३५०.

मी एफ. वाय.ला याच मुलांना 'उष्णता वजा कार्य, हे पक्कं डोक्यात ठेवा' असं सांगितलं होतं. त्यांनी ते पक्कं ठेवलं होतं. त्यावर मॅडम रसायनशास्त्राची पद्धत शिकवत होत्या, आणि लायब्ररीतल्या ज्या संदर्भ पुस्तकाची मुलं झेरॉक्स काढत होती ते जुन्या पद्धतीचं होतं.

निर्णयाचे तीन क्षण

पहिला: 'हे बारावीत झालंय' हे वाक्य मॅडमना दाखवायचं का? एकाच गटाने लिहिलेलं, सहज गाळता आलं असतं. रात्री मी ते गाळून कागद पुन्हा उतरवायला घेतला आणि थांबलो. मुलांनी विश्वासाने लिहिलेलं मी परस्पर कापणार असेन तर मला तिथे पाठवण्यात अर्थ काय? सकाळी पूर्ण कागद दिला. मॅडमनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "आपण उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला. "मी धीर द्यायला म्हणायचे ते. तुम्हाला हे येतं, घाबरू नका, असं. त्यांना वेगळंच ऐकू आलं."

दुसरा: 'फास्ट' या शब्दाचं काय करायचं? मॅडमचा पहिला विचार वेग कमी करण्याचा. पण तीस तासांत तेवढा अभ्यासक्रम संपवायचा तर वेग कमी करून भागणार नव्हतं, एन्ट्रॉपी शेवटच्या दोन तासांत कोंबावी लागली असती. आम्ही इंटर्नलचे पेपर पुन्हा काढले. ३५० वाल्या बऱ्याच पेपरांत चिन्हाशी खाडाखोड होती. अधिकचं वजा, वजाचं परत अधिक. मुलं त्या एका ओळीवर अडकून पडत होती आणि तोवर फळ्यावर पुढच्या चार ओळी येत होत्या. मागे पडलेल्याला सगळंच वेगाने चाललेलं वाटतं. वेगाला हात लावायचा नाही, चिन्हाची गाठ सोडवायची, असं ठरलं. मला आजही वाटतं की या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता.

तिसरा क्षण दहा दिवसांनी आला. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना आमच्या उद्योगाची कुणकुण लागली होती. त्यांनी चांगल्या हेतूने उतरवलेल्या कागदाची प्रत मागितली. नॅकच्या फाइलला 'सुधारणेचा नमुना' म्हणून जोडायला. मॅडमची पदोन्नतीची फाइलही त्याच वर्षी पुढे जायची होती. मी प्रत दिली नाही. त्याऐवजी एका पानावर वर्गात काय-काय बदललं ते लिहून दिलं, मुलांचं एकही वाक्य न घालता. थोडी नाराजी झाली. प्राचार्यांनी ते पान पुरेसं आहे असं म्हटल्यावर विषय मिटला.

काय केलं

सुट्टीनंतरच्या पहिल्याच तासाला मॅडमनी सुरुवातीची बारा मिनिटं यासाठी दिली. हातात तो कागद होता. काय बदलणार, काय बदलणार नाही आणि का, हे त्यांनी सरळ सांगितलं.

चिन्हासाठी आम्ही दोघांनी मिळून एक तास घेतला. फळ्याच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे मॅडम, उजवीकडे मी, उदाहरण एकच, तेच २५० आणि १००. दोघांनी एकाच वेळी सोडवलं आणि दोन्हीकडे १५० आलं. वर्गात 'अरे!' असा आवाज झाला. मग मी मुद्दाम मॅडमचं सूत्र घेऊन माझं चिन्ह घातलं आणि ३५० काढून दाखवलं. पाचव्या बाकावरचा एक मुलगा मान हलवत म्हणाला, "हेच, हेच झालं होतं." पुढे प्रत्येक उदाहरणाच्या पहिल्या ओळीत कोणती पद्धत वापरतोय ते लिहायचं, असा नियम ठरला.

फळ्याचा डावा भाग तास संपेपर्यंत पुसायचा नाही, आणि खालच्या हातभर जागेत लिहायचं नाही, हेही ठरलं. शुक्रवारी शेवटच्या पाच मिनिटांत एक ओळीची चिठ्ठी: या आठवड्यात कुठे अडलं?

झेरॉक्स नोट्स मिळणार नाहीत, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. कारणही दिलं. पायऱ्या स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय उष्मागतिकी बसत नाही. त्याऐवजी दर आठवड्याला तीन सोडवलेली आणि तीन न सोडवलेली उदाहरणं मिळतील.

आणि बारावीचं वाक्य. "हे वाक्य मी वापरते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या, "यापुढे ते ऐकलंत तर मला थांबवा." पंधरा दिवसांनी त्यांच्या तोंडून "हे बारा..." एवढं निघालं आणि त्या स्वतःच थांबल्या. वर्ग हसला, त्याही हसल्या. मला हे त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीने सांगितलं.

परिणाम

अकराव्या आठवड्यातल्या छोट्या चाचणीत तशाच धर्तीच्या उदाहरणाला ५७ पैकी ६ जणांनी चिन्हाची चूक केली. यावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही, कारण त्याच चुकीवर आम्ही एक अख्खा तास घालवला होता. मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच: कार्नो चक्राच्या तासांना मागच्या बाकांवरून प्रश्न यायला लागले. दुपारची हजेरी थोडी वाढली, पण फार नाही.

शुक्रवारच्या चिठ्ठ्या चार आठवडे छान चालल्या, मग 'काही नाही' असं लिहिलेल्या वाढल्या. सत्राच्या शेवटच्या गूगल फॉर्ममध्ये मॅडमची सरासरी ४.४ आली. म्हणजे जवळजवळ होती तेवढीच. त्या फॉर्मवर विसंबून राहिलो असतो तर या सत्रात काही घडलं हेच कुणाला कळलं नसतं.

पुढच्या वर्षी कॉलेजने ही पद्धत सगळ्यांना सक्तीची करायचं मनात आणलं. मॅडमनी बैठकीत ठाम विरोध केला: "मी स्वतः बोलावलं म्हणून मला ते सोसलं." ती ऐच्छिक राहिली. तिघांनी नावं दिली.

पुन्हा केलं तर

सातवा आठवडा उशिराचा होता. चौथ्या आठवड्यात, इंटर्नलच्या आधी विचारलं असतं तर ३५० पेपरात येण्याआधीच वर्गात सापडलं असतं.

वर्गात नसलेल्या अठरा जणांचा आम्ही विचारच केला नाही. नंतर कळलं की त्यांतली काही मुलं दुपारनंतर दुकानांत कामाला जातात, आणि एका गावाची बस तासाच्या मध्येच सुटते. ज्यांचं सगळ्यात जास्त अडत होतं त्यांनाच विचारायचं राहून गेलं, याची मला मनापासून खंत आहे. आता प्रॅक्टिकलच्या बॅचला विचारतो, कारण प्रॅक्टिकल सहसा कुणी बुडवत नाही.

'फास्ट' लिहिणाऱ्या गटांना तिथल्या तिथे विचारायला हवं होतं: कोणत्या दिवशी? फळ्यावर काय होतं तेव्हा? ते मी विचारलं नाही. पेपर हाताशी होते म्हणून निभावलं.

आणि एक माझ्या बाजूचं. एफ. वाय.ला पहिला नियम शिकवताना आता मी फळ्यावर उभी रेघ मारतो आणि रसायनशास्त्राची पद्धत शेजारी लिहितो. मॅडम त्यांच्या पहिल्या तासाला माझी लिहितात. लायब्ररीतल्या त्या संदर्भ पुस्तकाच्या पहिल्या पानावर आम्ही एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'या पुस्तकात वायूने केलेलं कार्य धन धरलं आहे.' परवा पाहिलं, तर खाली कुणीतरी पेन्सिलीने ते उदाहरण दोन्ही पद्धतींनी सोडवून ठेवलंय.